उसनं चित्र कुणाचं?

मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? बहुतेकांचं उत्तर 'शाळेच्या सहलीला' असं असतं. तेव्हा बुद्धाची शिल्पं, भुसा भरलेले वाघ-गेंडे आणि चिनीमातीची भांडी बघून तुम्ही खाली बागेत डबा खायला बसला असाल. पूर्वेकडच्या विंगेत आता एक वेगळंच दालन आहे. तिथे हुसेन, रझा, गायतोंडे, पदमसी, तय्यब मेहता, लक्ष्मण श्रेष्ठ अशा मंडळींची चित्रं आलटून पालटून लागतात. दारावर जहांगीर निकल्सन आर्ट फाउंडेशन हे नाव आहे.

तिथल्या बाकावर मी बऱ्याच दुपारी घालवल्या आहेत. (पीएचडी म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर माझं खरं उत्तर हेच आहे.) एकदा एक काका माझ्या शेजारी येऊन बसले. दोन-चार चित्रं त्यांनी मान तिरकी करून बघितली आणि मग विचारलं, "ही सगळी म्युझियमचीच ना?" मी "नाही" म्हटलं. काका म्हणाले, "मग इथे कशी?"

माझा निम्मा प्रबंध या प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून तो आज जरा नीट सोडवून सांगते.

खाजगी संग्राहकाचं चित्र सार्वजनिक भिंतीवर तीन वाटांनी येतं. पहिली वाट दानाची. मालकी कायमची जाते आणि बदल्यात नावाची पाटी लागते. दुसरी वाट विक्रीची. संस्था बाजारभावाने किंवा त्याहून कमी भावात चित्र विकत घेते. तिसरी वाट उसनवारीची. म्युझियमवाले तिला 'लाँग टर्म लोन' म्हणतात, मी आपलं सरळ 'उसनं' म्हणते. यात चित्र भिंतीवर असतं, पण मालक दुसराच असतो आणि करारात कुठेतरी एक मुदत लिहिलेली असते. बघणाऱ्याला या तिन्हींतला फरक दिसत नाही. खिळा तोच, दिवा तोच आणि 'हात लावू नका' ही पाटीही तीच.

निकल्सन यांचं दालन तिसऱ्या जातीचं आहे. मला ते मनापासून आवडतं आणि त्याबद्दल माझ्या काही तक्रारीही आहेत. दोन्ही सांगते.

आधी माणूस. जहांगीर निकल्सन यांचा जन्म १९१५ चा. कापसाच्या व्यापारातलं पारशी घराणं, स्वतः हिशेबतपासनीस, पुढे मुंबईचे शेरीफ. पत्नीच्या निधनानंतर, १९६८ पासून, त्यांनी चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे वयाची पन्नाशी उलटल्यावर. पुढची तीसेक वर्षं ते घेतच राहिले आणि २००१ मध्ये वारले तेव्हा मागे जवळपास ८०० कलाकृती होत्या. (काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीशी या जहांगीरांचा संबंध नाही. ती सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उभी राहिली. हा घोळ माझ्या मार्गदर्शकांसमोर माझाही झालेला आहे.)

आता काळा घोड्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. तिथे प्रदर्शनं होतात, पण तिचा स्वतःचा संग्रह नाही. चित्रकार आठवडाभर भिंत भाड्याने घेतो, चित्रं विकली तर विकली, नाहीतर टॅक्सीत घालून परत नेतो. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केमोल्ड गॅलरी सुरू झाली. त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल उघडली. म्हणजे विकण्याची सोय झाली, बघण्याचीही झाली. पण शहराने आपल्या चित्रकारांची चित्रं कायमची सांभाळायची जागा कुठे होती? दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ मध्ये झालं. मुंबईची शाखा कावसजी जहांगीर हॉलमध्ये उघडायला १९९६ उजाडलं. मधली बेचाळीस वर्षं मोजा. प्रोग्रेसिव्ह मंडळी याच शहरात वाढली, भांडली, इथून परदेशी गेली, आणि त्यांची चित्रं एकामागून एक घरांच्या भिंतींवर गेली. सार्वजनिक पैशाने ती वेळेवर घेतली गेली नाहीत. किमती शेकड्यांत आणि हजारांत होत्या तेव्हा समित्या बसल्या नाहीत. समित्या बसल्या तेव्हा किमती कोटींत गेल्या होत्या. २०१३ मध्ये मुंबईतल्याच लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं, ते आठवत असेल.

खाजगी संग्राहकाचं महत्त्व हे असं आहे. तो दानशूर असतो की नाही हा पुढचा प्रश्न. तो वेळेवर हजर होता, एवढं मात्र खरं. निकल्सन यांनी १९७६ मध्येच नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये आपल्या संग्रहासाठी दालन केलं होतं. त्यांना स्वतंत्र संग्रहालय हवं होतं. त्यांच्या हयातीत ते झालं नाही. शेवटी विश्वस्तांनी २००८ मध्ये वस्तुसंग्रहालयाशी मुदतीचा करार केला आणि २०११ मध्ये दालन उघडलं.

आता समीक्षा.

या संग्रहाची खरी गंमत त्याच्या असमतोलात आहे. सरकारी समिती चित्रं घेते तेव्हा कशी घेते? प्रत्येक प्रांताचं एखादं, प्रत्येक 'वादा'चं एखादं आणि शिफारसवाल्यांची दोन. हाती लागतो तो नमुन्यांचा डबा. निकल्सन यांना जे आवडलं ते त्यांनी पुन्हा पुन्हा घेतलं. लक्ष्मण श्रेष्ठ यांचीच कामं इतकी की त्यांच्या रंगाचा प्रवास दशकांमागून दशकं तुम्ही एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर चालत बघू शकता. कुठल्याही समितीने एका अमूर्त चित्रकाराची इतकी कामं घेतली नसती, ऑडिटवाल्यांनीच अडवलं असतं. माणसाला एखादी गोष्ट खरंच आवडते तेव्हा तो हिशेब सोडतो. हिशेबतपासनीसाने तो सोडावा, हे मला फार लोभस वाटतं.

पण याच आवडीची दुसरी बाजू अशी की हा घराच्या भिंतींवर वाढलेला संग्रह आहे. कॅनव्हास, कागद, थोडी शिल्पं. नव्वदच्या दशकात मुंबईची कला भिंतीवरून खाली उतरली, जमिनीवर आली, व्हिडिओत शिरली. त्या उड्या इथे फार दिसत नाहीत. आणि शहराच्या सर्वात प्रतिष्ठित म्युझियममध्ये एकाच माणसाचा दिवाणखाना 'मुंबईची आधुनिक कला' म्हणून लागतो, तेव्हा न घेतलेली चित्रं इतिहासातूनच गळतात. ज्यांच्या प्रदर्शनाला निकल्सन गेले नाहीत, त्यांचं काय? गिरणगावात, चाळीत राहून जे. जे.च्या संध्याकाळच्या वर्गांना जाणाऱ्यांचं काय? हा निकल्सन यांचा दोष नव्हे. एका माणसाने शहराचा इतिहास लिहावा असं त्यांनी मागितलेलं नव्हतं. दोष आपला. आपण दुसरा संग्रह उभा केला नाही, म्हणून पहिलाच इतिहास झाला.

फाउंडेशनचे क्युरेटर ही अडचण ओळखून असणार, कारण दालनात कायमची मांडणी नसते, प्रदर्शनं बदलत राहतात. त्याच आठशेंतून वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. हे चांगलं आहे. कायमच्या मांडणीतलं चित्र आपण तिसऱ्या भेटीत बघायचं सोडतो.

आता उसनवारीकडे येते. हिच्याबद्दल इथे कुणी फार बोलत नाही, परदेशात मात्र यावरून खडाजंगी झालेल्या आहेत. दोन उदाहरणं देते.

न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये २०१० मध्ये 'स्किन फ्रूट' नावाचं प्रदर्शन भरलं. सगळी कामं डाकिस योआनू या ग्रीक उद्योगपतीच्या संग्रहातली. योआनू त्याच म्युझियमचे विश्वस्त. निवड केली जेफ कून्स यांनी, ज्यांची कामं योआनूंच्या संग्रहात ठासून भरलेली आहेत आणि ज्यांनी योआनूंची नौकासुद्धा रंगवलेली आहे. (नौकेचं नाव 'गिल्टी', म्हणजे अपराधी. मी मनचं सांगत नाही.) टीका झाली ती कामांच्या दर्जावर कमी आणि या गोतावळ्यावर जास्त. का, ते समजण्यासाठी लिलावाचा कुठलाही कॅटलॉग उघडा. चित्राखाली तीन गोष्टी बारीक अक्षरात छापलेल्या असतात: आधी कुणाकडे होतं, कुठे प्रदर्शित झालं, कुठल्या पुस्तकात छापलं. दुसऱ्या ओळीत मोठ्या म्युझियमचं नाव आलं की भाव चढतो. म्हणजे उसनं घेणारी संस्था नुसती घेत नाही, काहीतरी देतही असते. वातानुकूलन, पहारा, विमा, अभ्यासकांचं लक्ष आणि ती एक ओळ. मुंबईच्या पावसाळ्यात कॅनव्हासवर बुरशी येऊ न देणं हा काही फुकटचा उद्योग नाही. त्यामुळे 'संग्राहकाने उपकार केले' हे वाक्य नेहमी अर्धंच असतं. उलट, 'म्युझियमने त्यांची तिजोरी सांभाळली' हेही अर्धंच.

दुसरी गोष्ट लॉस एंजेलिसची. तिथल्या काउंटी म्युझियमच्या आवारात समकालीन कलेसाठी नवी इमारत बांधायला एली ब्रॉड यांनी पाच कोटींहून जास्त डॉलर दिले. सगळ्यांनी धरून चाललं की इमारत दिली म्हणजे आतली चित्रंही देणार. २००८ च्या जानेवारीत, उद्घाटनाला महिना उरला असताना, त्यांनी जाहीर केलं की संग्रह माझ्या फाउंडेशनकडेच राहील, म्युझियमला हवी ती चित्रं उसनी देऊ. त्यांचा मुद्दा असा होता की म्युझियमला दिलेली बहुतेक चित्रं तळघरात जातात. मुद्दा खोटा नाही, कुठल्याही म्युझियमच्या कोठाराचा दरवाजा उघडून बघा. २०१५ मध्ये त्यांनी शहरात स्वतःचंच संग्रहालय उघडलं आणि प्रवेश फुकट ठेवला. लोकांना चित्रं बघायला मिळाली का? मिळाली. मग तक्रार कसली? तक्रार ही, की काय दाखवायचं, काय विकायचं, काय कधीच बाहेर काढायचं नाही, हे ठरवणाऱ्या टेबलाशी लोकांची खुर्ची नाही.

यापेक्षा शहाणा सौदा ब्रिटनमध्ये २००८ मध्येच झाला. अँथनी डॉफे हे लंडनचे चित्रविक्रेते. त्यांनी ७२५ कामं टेट आणि नॅशनल गॅलरीज ऑफ स्कॉटलंड या दोन संस्थांना मिळून दिली. बाजारातली किंमत तेव्हा सुमारे साडेबारा कोटी पौंड धरली होती. त्यांनी घेतले दोन कोटी पासष्ट लाख, म्हणजे मुळात खरेदीला पडले तेवढेच. त्यात सरकारी पैसाही होता. म्हणजे अर्धं दान, अर्धी विक्री. मला भावलं ते पुढचं: ही कामं लंडन-एडिनबर्गमध्ये बसून राहिली नाहीत. एका खोलीत एक कलावंत, अशा तयार खोल्या करून त्या देशभर फिरवल्या गेल्या. ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेससारख्या चिमुकल्या गावात बिल व्हायोला यांचे व्हिडिओ लागले. आपल्याकडे म्हणायचं तर गायतोंड्यांची खोली सावंतवाडीला, बरव्यांची चिपळूणला. नुसती कल्पना करून बघा. तरीही, विक्रेत्याने निवडलेला संग्रह म्हणजे त्याच्या दुकानाचाच इतिहास, हा आक्षेप इथेही उरतोच. डॉफेंनी ज्यांना विकलं तेच पुढच्या पिढीचे 'महत्त्वाचे' कलावंत ठरले.

मग भारतीय संग्राहक सरळ दान का करत नाहीत? 'आपल्याकडे ती वृत्तीच नाही' हे उत्तर मला चर्चासत्रांत वारंवार ऐकायला मिळतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. वृत्ती नाही? याच वस्तुसंग्रहालयात वरच्या मजल्यावर जा. रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांचे अख्खे संग्रह तिथे आहेत, कायमचे दिलेले. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्यं असं वीस हजारांच्या आसपास वस्तूंचं भांडार आयुष्यभर जमवलं, त्याला गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि राज्य सरकारच्या हवाली केलं. एवढा देणारा माणूस कविता लिहायचा तो 'अज्ञातवासी' या नावाने. वृत्तीबिर्त्ती काही कमी नव्हती.

मला कारण कायद्यात जास्त दिसतं. हे जरा कोरडं आहे, पण दोन मिनिटं सोसा. अमेरिकेत संग्राहकाने म्युझियमला चित्र दिलं तर त्या दिवसाची बाजारातली किंमत धरून, काही मर्यादा पाळून, त्याला उत्पन्नातून वजावट मिळते. शंभराला घेतलेलं चित्र लाखाचं झालं असेल तर वजावट लाखाची. आपल्याकडे राष्ट्रीय किंवा अधिसूचित सार्वजनिक संग्रहालयाला चित्र दिलं तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, एवढी सवलत आहे. पण देणगीची वजावट मिळते ती पैशाच्या देणगीवर, वस्तूच्या नाही. म्हणजे लाखाचा चेक दिला तर सवलत, लाखाचं चित्र दिलं तर आभाराचं पत्र. त्यात २००७ च्या अर्थसंकल्पाने चित्रं 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' या सदरातून काढली, त्यामुळे विकताना नफ्यावर कर आला. थोडक्यात, आपल्या कायद्याला चित्र हे गुंतवणूक म्हणून नीट दिसतं, पण देणगी म्हणून दिसत नाही. अशा वेळी विश्वस्त मंडळ करून उसनं देणं हा सर्वात समजूतदार मार्ग ठरतो. मालकी शाबूत, चित्रं एकत्र, नाव दारावर आणि सांभाळणारं कुणीतरी तज्ज्ञ. दिलेली चित्रं तळघरात पडतील, फुटतील, सरकारी फाइलीत हरवतील, ही भीतीही त्यामागे असते, आणि ती अनाठायी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून उसनवारीलाच माझा विरोध नाही. निकल्सन दालन नसतं तर त्या ८०० कलाकृती वारसांत आणि लिलावांत पांगल्या असत्या, आणि ते काका त्या दुपारी पदमसींसमोर मान तिरकी करून बसले नसते. माझा हट्ट एवढाच आहे की उसनं आहे तर तसं भिंतीवर लिहा. कुठल्याही म्युझियममध्ये पाटीवर सहसा चित्रकार, साल, माध्यम आणि 'अमुक यांचा संग्रह' असं असतं. 'संग्रह' या शब्दात दान, ठेव, उसनं सगळं खपून जातं. मुदत कधीपर्यंत? मध्येच विकता येतं का? निवड कुणी केली, मालकाने की म्युझियमने? तीन ओळींचं काम आहे. अमेरिकेतल्या म्युझियमांच्या संघटनेने उसन्या वस्तूंच्या प्रदर्शनांसाठी २००० मध्ये मार्गदर्शक नियम केले ते ब्रुकलिनमधल्या 'सेन्सेशन'च्या वादानंतर. ते सगळं प्रदर्शन चार्ल्स साची या एकाच संग्राहकाच्या चित्रांचं होतं आणि साचींनी स्वतः त्याला पैसे दिल्याचं मागाहून बाहेर आलं होतं. आपण वाद होण्याची वाट कशाला बघायची?

काकांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हा मलाच ते नीट ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हटलं की एका गृहस्थांनी जमवली होती, ते वारले, आता त्यांच्या ट्रस्टने इथे ठेवली आहेत. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बँकेतल्या लॉकरसारखं. फक्त दार उघडं." आणि उठून पुढच्या चित्रापाशी गेले.

तुम्ही एक मदत कराल का? तुमच्या गावच्या किंवा शहरातल्या संग्रहालयात गेलात तर एखाद्या चित्राची किंवा वस्तूची पाटी वाचा. 'भेट', 'संग्रह', 'सौजन्य', 'ठेव' यांतलं काय लिहिलंय ते मला कळवा. फोटो काढू देत असतील तर उत्तमच. औंध, कोल्हापूर, नागपूर, पणजी, कुठलंही चालेल.